पंखा फिरतो आहे, पण धूळ जाते का?

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात दवाखान्यात खोकल्याची गर्दी ठरलेलीच असते. फटाक्यांचा धूर, फराळाचे तळण, पहाटेची थंडी, यांपैकी एखादे कारण सांगून आम्ही डॉक्टर मंडळी मोकळे होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीनंतर आठवड्याभरात तीन कामगार एकाच तक्रारीने आले. कोरडा खोकला, छाती भरल्यासारखी, संध्याकाळच्या थुंकीत काळसर रेघ. पहिल्याला औषध दिले, दुसऱ्यालाही दिले. तिसरा मात्र बाकावर बसल्याबसल्या म्हणाला, "आमी तिघं एकाच शेडमधलं हाय, डॉक्टर." तेव्हा मी हातातले पेन खाली ठेवले.

तिघेही एका लहान फौंड्रीत फेटलिंगला होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना हे काम सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. ते थंड झाले की साचा फोडून माल बाहेर काढतात. त्या मालाला चिकटलेली, भाजलेली वाळू खरवडून, ग्राइंडरवर घासून साफ करणे म्हणजे फेटलिंग. कारखान्यातले सर्वांत धुळीचे काम हेच. म्हणून अशा बाकाजवळ हूड असतो, हूडला पत्र्याची नळकांडी म्हणजे डक्ट जोडलेली असते आणि दुसऱ्या टोकाला मोठा पंखा. त्याला कामगार ब्लोअर म्हणतात. त्याने धूळ ओढून घ्यायची आणि पिशव्यांच्या गाळणीत, म्हणजे बॅग फिल्टरमध्ये टाकायची.

"ब्लोअर नाही का तुमच्याकडे?" मी विचारले.

"हाय की. दिवाळीच्या सुट्टीत मोटार जळालेली, ती भरून आणली. आता तर पयल्यापेक्षा जास्त आवाज करतोय."

मालक माझ्या ओळखीचे. मोकळ्या मनाने "या आणि बघा" म्हणाले. मला यंत्रातले फारसे कळत नाही, म्हणून माझे एक जुने पेशंट, सूतगिरणीतून निवृत्त झालेले फिटरमामा, यांना बरोबर घेतले. मामांनी शेडमध्ये शिरताच कोणाशी काही न बोलता ब्लोअर गाठला, पत्र्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि खाली रंगवलेला बाण मला दाखवला. मग म्हणाले, "बंद करा. आता बटण दाबा आणि लगेच सोडा." चाक जेमतेम फिरले. बाण एकीकडे आणि चाक दुसरीकडे! मोटार भरून आणल्यावर वायरमनने तारा जोडताना दोन फेजची अदलाबदल केली होती आणि वीस दिवस पंखा उलटा फिरत होता. तारा बदलायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

उलटा फिरूनही कुणाला कळले कसे नाही, हा प्रश्न मलाही पडला. त्याचे उत्तर मामांकडून मी शिकलो आणि आजचा लेख त्यासाठीच आहे.

दोन जातींचे पंखे

आपण भिंतीच्या गोल भोकात बसवतो तो पात्यांचा एक्झॉस्ट पंखा. तो उलटा फिरला तर हवाही उलटी, म्हणजे बाहेरची आत येते. हे लगेच लक्षात येते. ब्लोअरची गोष्ट वेगळी. शंखासारख्या पत्र्याच्या पेटीत पात्यांचे चाक असते. हवा मधोमध आत शिरते आणि चाक तिला कडेला फेकते. चाक कोणत्याही दिशेने फिरले तरी हवा कडेलाच फेकली जाणार आणि पेटीच्या तोंडातून बाहेर पडणार. त्यामुळे उलट्या ब्लोअरची हवा सुलट दिशेनेच जाते, पण फार कमी जाते. हूडला कागदाचा कपटा लावला तर तो चिकटतोसुद्धा. पाहणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. आवाज तर भरपूर असतोच.

तीन फेजच्या मोटारीत कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की दिशा बदलते. मोटार भरली, स्टार्टर बदलला, मीटरपाशी काम झाले, वीज मंडळाच्या खांबावर काही दुरुस्ती झाली, या प्रत्येक वेळी ही चूक होऊ शकते. म्हणून नवा पंखा बसवल्याच्या दिवशी एकदा दिशा पाहिली की झाले, असे नाही. तारेला हात लागला की पुन्हा बाण पाहायचा. बाणच नसेल तर जाणकाराकडून दिशा ठरवून घेऊन रंगाने काढून ठेवावा. दोन रुपयांचे काम आहे.

मेणबत्ती फुंकून विझते, ओढून विझत नाही

वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. मेणबत्ती लावून हातभर अंतरावरून फुंकर मारा, ती विझेल. आता तेवढ्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा सरळ रेषेत लांबवर जाते. ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी येते, त्यामुळे तिचा जोर तोंडापाशीच संपतो. अभियंते याचा हिशेबही देतात. एक फूट व्यासाच्या नळीतून हवा फुंकली तर तीस फुटांवरही तिचा सुमारे दहावा भाग वेग शिल्लक असतो. त्याच नळीतून हवा ओढली तर अवघ्या एका फुटावर तो वेग दहाव्या भागावर येतो.

याचा अर्थ असा की हूड धुळीच्या उगमापासून दोन हात लांब असेल तर पंखा कितीही मोठा आणा, धूळ कामगाराच्या नाकातच जाणार. मी नंतर पाहिलेल्या बहुतेक शेडमध्ये खरा दोष इथेच होता. माल मोठा असला की हूड आड येतो म्हणून तो वर उचलून बांधलेला. कुठे हूड कामगाराच्या डोक्यावर. म्हणजे धूळ खालून निघते, तोंडावरून वर जाते आणि मग हूडमध्ये शिरते. मालकाने पैसे खर्च केले आणि धुळीची वाट कामगाराच्या नाकावरून काढून दिली!

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती. धूळ किंवा वाफ जिथे निर्माण होते तिथे, शक्य तितक्या जवळ शोषण यंत्र लावावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या व्याख्येप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत वीस किंवा अधिक कामगार असतील तर तो कारखाना. आपल्याकडच्या शेड बहुतेक बारा-पंधरा माणसांच्या. तेव्हा निरीक्षक येतील आणि पंखा तपासतील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये अशा शोषण यंत्रणेची जाणकाराकडून किमान चौदा महिन्यांतून एकदा संपूर्ण तपासणी करून तिची नोंद ठेवावी लागते. आपल्या शेडमध्ये ही नोंदवही मालकाने आणि मेस्त्रींनी स्वतःहून ठेवायला काहीच हरकत नाही.

आणखी एक चूक उन्हाळ्यात होते. उकाड्याने जीव नकोसा झाला की कामगार बाकाजवळ उभा पेडेस्टल पंखा आणून ठेवतात. वर सांगितलेला हिशेब आठवा. फुंकणारा पंखा ओढणाऱ्या पंख्याला सहज हरवतो. हूडकडे निघालेली धूळ तो उडवून साऱ्या शेडभर पसरवतो. कामगाराला वाटते वारा लागला, बरे वाटले. त्याला दोष देता येत नाही. मार्चनंतर त्या पत्र्याखाली मला दहा मिनिटे उभे राहवत नाही. पण तो पंखा बाकावर न रोखता पाठीमागून, लांबून आणि कमी वेगाने ठेवावा.

उदबत्ती, सूत आणि गवंड्याची नळी

पंखा काम करतो की नाही हे पाहायला महागडी उपकरणे लागतात असे नाही. उदबत्ती पेटवून ती कामगाराचे हात जिथे असतात तिथे धरावी. धूर सरळ हूडमध्ये गेला तर ठीक. घुटमळला, तोंडाकडे वळला किंवा बाजूने निसटला तर यंत्रणा निकामी समजावी. हूडच्या कडेशी धरून पाहू नये, तिथे धूर जाणारच. मात्र पिठाची गिरणी, जिनिंग, साखर, रंग किंवा थिनरचे काम असेल तिथे उदबत्ती, काडी, मेणबत्ती काहीही चालणार नाही. पिठाची किंवा साखरेची हवेत तरंगणारी धूळसुद्धा स्फोट करते. अशा ठिकाणी सुताचा हलका धागा काठीला बांधून तो कुठे वळतो ते पाहावे.

दुसरी युक्ती उजेडाची. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येते तेव्हा तिच्यात नाचणारे कण आपल्याला दिसतात. एरवी ते तिथेच असतात, दिसत नाहीत. संध्याकाळी शेडमधले दिवे मालवून एक झोताची बॅटरी कामगाराच्या पाठीमागून लावा आणि समोरून पाहा. धूळ कुठून निघते, कुठे जाते हे चित्रासारखे दिसते. एका मालकांनी हे पाहिले आणि काही न बोलता हूड खाली घ्यायला सांगितला. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने जे झाले नसते ते त्या बॅटरीने झाले.

तिसरी युक्ती मामांची. गवंडी लेव्हल पाहायला पारदर्शक नळी वापरतात, तशी हातभर नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकायची. तिच्यात कुंकू कालवलेले पाणी भरायचे. डक्टला हूडच्या थोडे पुढे बारीक भोक पाडून नळीचे एक टोक तिथे बसवायचे, दुसरे उघडे ठेवायचे. पंखा चालू केला की एका बाजूचे पाणी वर चढते. दोन्ही बाजूंच्या पातळीत किती मिलिमीटर फरक पडला तो आकडा, पंखा नवा आणि व्यवस्थित असतानाच फळीवर लिहून ठेवायचा. पुढे दर आठवड्याला पाहायचे. आकडा खाली आला किंवा एकाएकी वर गेला तरी काहीतरी बिघडले आहे. पट्टा सैल झाला असेल, पिशव्या गच्च भरल्या असतील, डक्टच्या वळणात वाळू साचली असेल किंवा पत्रा गंजून भोक पडले असेल. आम्ही जसे पेशंटचे वजन आणि रक्तदाब कार्डावर लिहून ठेवतो, तसेच हे. पहिल्या दिवसाचा आकडाच नसेल तर आजच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून पंखा बसवून देणाऱ्याचे बिल चुकते करण्यापूर्वी त्याच्याकडून चाकाचे फेरे, मोटारीचा अँपिअर आणि हा पाण्याचा आकडा लिहून घ्यावा.

हवा कमी पडते म्हणून पुली बदलून वेग वाढवण्याचा उद्योग काही जण करतात. तो परस्पर करू नये. हवा दहा टक्के वाढवायची तर मोटारीवरचा भार सुमारे तेहतीस टक्के वाढतो. मोटार पुन्हा जळते. त्याहून वाईट म्हणजे चाकाला ठरलेल्या वेगापलीकडे पळवले तर ते फुटते आणि त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

हवा बाहेर काढायची तर तेवढीच आत यायलाही वाट हवी, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. थंडीत सगळी दारे-खिडक्या लावून घेतात. मग पंखा गुदमरतो. शेडचे दार उघडताना जड लागते किंवा आपोआप धाडकन आपटते, हे त्याचे लक्षण. अशा बंद शेडमध्ये भट्टी किंवा कोळशाची शेगडी असेल तर पंखा धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा आत ओढतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. दुपारनंतर दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळ, चक्कर आली आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताची गोळी न देता आधी भट्टी आणि पंखा पाहावा.

पंख्यापाशी होणाऱ्या इजा

धुळीचा आजार वर्षांनी येतो. पंख्याची इजा एका क्षणात होते. माझ्या तीस वर्षांच्या दवाखान्यात बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलेली हकिगत एकच. "बंद केला होता, डॉक्टर."

बटण बंद केल्यावर मोठे चाक लगेच थांबत नाही. मिनिट-दोन मिनिटे फिरत राहते आणि शेवटी तर आवाज न करता फिरते. शिवाय डक्टमधून वारा आला तर बंद पंखाही आपोआप फिरू लागतो. म्हणून हात घालण्यापूर्वी चाक पूर्ण थांबलेले डोळ्यांनी पाहावे आणि लाकडाने अडकवून ठेवावे. त्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि ते, जो माणूस आत हात घालणार त्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. स्विचला कुलूप लावता आले तर उत्तमच, पण किल्लीही त्याच्याच खिशात. "कोणी चालू करू नका रे" असे ओरडून सांगणे पुरेसे नाही. जेवणाच्या सुट्टीहून परत आलेल्या माणसाने ते ऐकलेले नसते.

पट्ट्यावर, पुलीवर, शाफ्टच्या टोकावर आणि चाकाच्या तोंडाशी जाळी हवी. ती नुसती टेकवलेली नको, बोल्टने आवळलेली हवी. दुरुस्तीनंतर जाळी भिंतीला टेकून ठेवलेली मी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा ती जागेवर पाहिलेली नाही. पिठाच्या गिरणीत तर दळण घेऊन आलेल्या बायका आणि पोरे पट्ट्याशेजारीच उभी असतात. साडीचा पदर, ओढणी, सुटलेली वेणी, गळ्यातला मफलर पट्ट्यात गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही. गिरणीवाल्यांना माझी विनंती, पट्टा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक आडोसा घाला.

छतावरच्या पंख्याबद्दल एकच सांगतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन कोणी पंखा पाहायला जाऊ नये. तो पत्रा वरून दगडासारखा वाटतो आणि माणसाच्या वजनाने बिस्किटासारखा मोडतो. जाड फळ्या टाकून, कमरेला पट्टा बांधूनच जावे.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात वर उचलून ठेवावा. हळद, चुना, तंबाखू, चहाची पूड, डिझेल यातले काहीही लावू नये. तुटलेला भाग शोधावा, स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फावर थेट ठेवला तर तो भाग गोठून निकामी होतो. पेशंट आणि पिशवी दोन्ही घेऊन मोठ्या शहरातले, बोट जोडण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पहिल्या पाच-सहा तासांत पोचलात तर आशा जास्त. आधी फोन करून विचारावे, म्हणजे एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरण्यात वेळ जात नाही.

घरातला पंखा

गृहिणींनी म्हणावे, आमचा काय संबंध? संबंध आहे. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याशेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर पंखा तिथलीच हवा घेतो आणि बाहेर टाकतो. फोडणीचा धूर जिथल्या तिथे राहतो. पंख्याशेजारची खिडकी लावून समोरचे दार उघडे ठेवा, म्हणजे हवा शेगडीवरून जाईल. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर आणि एक्झॉस्ट पंखा एकत्र चालवणे धोक्याचे आहे. भट्टीबद्दल जे सांगितले तेच इथे घडते. आणि घरात सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर पंख्याच्या बटणाला हात लावू नका. चालू करायचा नाही आणि चालू असलेला बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

त्या तिघांचे पुढे काय झाले

पंखा सुलट झाल्यावर दोघांचा खोकला महिन्याभरात थांबला. तिसरा, त्यांच्यातला सर्वांत मोठा, वय बेचाळीस, अकरा वर्षे फेटलिंगला. त्याचा खोकला थांबला नाही. माझ्या जुन्या कार्डांत शोधले तेव्हा दोन वर्षांपूर्वी मीच त्याला टीबीची औषधे दिल्याचे सापडले. थुंकीत जंतू मिळाले नव्हते. छातीच्या फोटोत वरच्या भागात डाग होते, वजन उतरले होते, तेवढ्यावर मी उपचार सुरू केले होते. कार्डावर नाव, वय, गाव सगळे होते. 'काम' या रकान्यात मी 'नोकरी' असे लिहिले होते. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने रोग्याला त्याचे काम काय हे विचारावे, असे १७०० साली लिहून ठेवले आहे. मी २०१० नंतरही विचारले नव्हते.

त्याला कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले. निदान झाले सिलिकोसिस. साच्याच्या वाळूत सिलिका असते. तिचे जे कण डोळ्याला दिसतात ते नाकात, घशात अडकतात आणि खोकल्याबरोबर पडतात. न दिसणारे कण, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक, फुप्फुसात खोलवर पोचतात आणि तिथे व्रण धरतात. अमेरिकेने २०१६ साली ठरवलेली मर्यादा पाहिली तर कल्पना येईल. एक घनमीटर हवेत, आठ तासांच्या पाळीची सरासरी धरून, ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग. एवढी धूळ हवेत असलेली दिसतही नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा टॉवेल हे बारीक कण अडवत नाही. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून नोंदवली.

सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. धुळीतून बाहेर पडल्यावरही तो काही जणांत वाढत राहतो. अशा माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून टीबीचा संशय घेणेही चूक नाही. चूक तिथेच थांबण्यात आहे. फौंड्री, दगडाची खाण, क्रशर, काचेचे किंवा टाइल्सचे काम, विहीर खोदणे, यांतले काही केले असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. वीस वर्षांपूर्वी सोडलेले काम असले तरी सांगावे. हा आजार सरकारला कळवण्याची जबाबदारी कायद्याने डॉक्टरांवरही टाकलेली आहे. त्या कामगाराच्या बाबतीत मी औद्योगिक सुरक्षा कार्यालयाला पत्र पाठवले. तोपर्यंतच्या माझ्या सगळ्या व्यवसायातले तसे ते पहिलेच पत्र होते.

मालकांनी त्याला कामावरून काढले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. स्टोअरमध्ये बसवले, पगार तोच ठेवला. त्याच्या घरच्यांना सुरुवातीला हे पटत नव्हते. बायको मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, टीबी असता तर सहा महिन्यांत बरं झालं असतं. ह्याला औषधच नाही म्हणता?" मला काही उत्तर देता आले नाही. आता तो दर तीन महिन्यांनी येतो. वजन, थुंकी आणि वर्षातून एकदा छातीचा फोटो. जिना चढताना एका मजल्यावर थांबतो. बिडी सुटली आहे. शेडमधल्या ब्लोअरची फळी आणि पाण्याचा आकडा पाहायचे काम मालकांनी त्याच्याकडेच दिले आहे, आणि तो दर सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी आकडा वहीत लिहितो.